शिंगांवरून केलेला निवाडा

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण भागात हरिणांच्या कळपाचे संगोपन हा अनेक जमीनमालकांचा रीतसर व्यवसाय आहे. तेथील पांढऱ्या शेपटीचे हरिण आपल्या काळविटासारखे नव्हे. चितळ-सांबरांप्रमाणे नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. शिकारी मालकाला शुल्क देतो ते मुख्यतः या शिंगांसाठी. त्यामुळे कोणता नर मारावा, या प्रश्नाचे रूपांतर कोणता नर हीन, या प्रश्नात सहज होते. ज्याची शिंगे लहान त्याला अगोदर मारावे, म्हणजे पुढची पिढी भरदार शिंगांची निपजेल, असा हा युक्तिवाद आहे. गुरांच्या पैदाशीत मुरलेल्या माणसाला तो तात्काळ पटतो. माझ्या मते मात्र तो भ्रामक आहे, आणि त्यापायी कोवळे नर निष्कारण बळी पडतात.

शिंगांचा विस्तार वय, आहार आणि आनुवंशिकता या तिहींवर अवलंबून असतो. नराची शिंगे पाचव्या ते सातव्या वर्षाच्या सुमारास पूर्णत्वास पोहोचतात. दीड वर्षाच्या नराचे शरीरच अद्याप वाढत असते; हाडामांसाची गरज भागून जे उरेल तेवढेच शिंगांच्या वाट्याला येते. जो उशिरा जन्मला, किंवा ज्याच्या आईला दुष्काळात चारा मिळाला नाही, त्याच्या डोक्यावर पहिल्या वर्षी फाटे नसलेले दोन सुळेच दिसतात. त्या सुळ्यांत पाऊसपाण्याची हकीकत किती आणि रक्ताची किती, हे दुर्बिणीतून पाहणाऱ्याला कसे कळावे?

याच्या विरुद्ध बाजूला पुरावा नाही असे नव्हे. टेक्सासमधीलच कर वन्यजीव क्षेत्रात १९७४ पासून कुंपणात हरिणे ठेवून प्रयोग झाले. शिंगांचे गुण वंशपरंपरेने उतरतात आणि सुळेधारी नर पुढेही सरासरीने मागेच राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. कुंपणापुरता तो मान्य करण्यास हरकत नाही. परंतु तेथे आहार एकसारखा असतो आणि पाडसाचा पिता कोण, हे माणूस ठरवतो. रानात पितृत्व अनेक नरांमध्ये विखुरलेले असते. एका नराच्या वाट्याला फार थोडी पाडसे येतात. शिवाय पाडसाचा अर्धा वारसा मादीकडून येतो, आणि तिच्या डोक्यावर वाचण्यासारखे काहीच नसते. पुढे दक्षिण टेक्सासमधील कमांची रँचवर खुल्या कळपांतून लहान शिंगांचे नर वर्षानुवर्षे काढून पाहण्यात आले. शिंगांची जात काही सुधारली नाही. जेथे निकष सर्वांत कडक होता तेथे कोरड्या वर्षी दीड वर्षाचे बहुतेक नर अपात्र ठरून मारले गेले, आणि पुढील वर्षांसाठी नरच तुटपुंजे उरले.

याउलट चूकही घडली आहे. मिसिसिपी राज्याने १९९५ मध्ये दोन्ही शिंगांना मिळून किमान चार टोके असलेलाच नर मारावा, असा नियम केला. हेतू कोवळ्या नरांना वाचवण्याचा होता. पण चांगल्या पोसलेल्या दीड वर्षाच्या नरालाही तेवढी टोके येतात. परिणामी त्या वयातले उत्तम नर मारले गेले, खुरटे वाचले, आणि काही भागांत पुढच्या वयातील नरांची शिंगे लहान दिसू लागली. वय ओळखण्यासाठी टोके मोजणे हे अंधाऱ्या खोलीत चाचपडण्यासारखे आहे. टेक्सासने २००२ मध्ये सहा परगण्यांत दोन शिंगांमधील आतील अंतर किमान १३ इंच असावे, हा निकष लावला. ताठ उभारलेल्या कानांच्या टोकांमधील अंतर साधारण तेवढेच भरते, म्हणून शिकाऱ्याला लांबूनही अदमास बांधता येतो. हा निकष बऱ्याच अंशी वयाचा असल्याने मला अधिक समंजस वाटतो. त्याच नियमाने बिनफाट्याच्या नराला मात्र अभय नाकारले. जुना समज तेवढ्यापुरता शिल्लक राहिलाच!

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा प्रश्न शिकाऱ्याच्या हाती राहिलेला नाही. बाराव्या शतकातील चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मृगया हा राजाचा विनोद म्हणून येते. तो निदान स्वतःला विनोदच म्हणवतो. टेक्सासचा मालक आपल्या आवडीला वंशसुधारणेचे नाव देतो, हे मला अधिक खटकते.

कळप रानाला झेपेल एवढाच ठेवायचा असेल, तर बंदूक मुख्यतः मादीकडे वळली पाहिजे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. नर कितीही मारले तरी पाडसांची संख्या फारशी घटत नाही. विस्कॉन्सिनमध्ये १९४३ साली माद्यांची शिकार खुली झाली तेव्हा तिचा पुरस्कार करणाऱ्या आल्डो लिओपोल्डवर लोक तुटून पडले होते. उपासमारीने मरणारी हरिणे त्यांना दिसत होती, तरी मादी मारणे त्यांना शिकाऱ्याला न शोभणारे वाटले. टेक्सासमध्ये आज अडचण निराळी आहे: मादीच्या शिकारीचे शुल्क नराच्या मानाने अगदीच किरकोळ असते.