मूलपेशीवर आळ घेण्याआधी

तो संदेश या आठवड्यात पुन्हा फिरू लागला. ‘मूलपेशी शरीराबाहेर वाढवल्या की त्यांचा कॅन्सर होतो, स्पेनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.’ नाळरक्ताच्या बँकांवर इथे लिहिल्यापासून वाचक मला असलं बरंच काही पाठवत असतात. या वेळी पाठवणारे स्वतः डॉक्टर आहेत, म्हणून राग जास्त आला.

माद्रिदचा तो शोधनिबंध 2005 सालचा. माणसाच्या चरबीतून काढलेल्या मूलपेशी चार-पाच महिने वाढवल्या की आपोआप कॅन्सरपेशींसारख्या वागू लागतात, असा त्याचा दावा. 2010 मध्ये तो मागे घेतला गेला. त्याच वर्षी नॉर्वेतल्या बर्गेनच्या गटाने आपल्याच अशा निष्कर्षाची फेरतपासणी करून जाहीर केलं, की त्या ‘बिघडलेल्या’ पेशी दात्याच्या नव्हत्याच. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या जुन्या कॅन्सरपेशींची भेसळ झाली होती. दात्याचा डीएनए आणि पेशींचा डीएनए शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा हे उघड झालं. ही तपासणी काही दिवसांची असते, ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती. आपल्याकडे दावा आला की मथळा होतो, दावा मागे घेतला की कुणी चार ओळी छापत नाही. हे मी लिहीतच राहणार, कारण अशा न छापलेल्या चार ओळींमुळेच 2010 मध्ये मेलेला निष्कर्ष आजही लोकांना घाबरवतो आहे.

मग मूलपेशींचा कॅन्सरशी, निदान सार्कोमाशी, संबंधच नाही का? आहे. सार्कोमा म्हणजे हाड, कूर्चा, स्नायू, चरबी यांचे कॅन्सर. मोठ्यांच्या कॅन्सरमध्ये त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का, मुलांमध्ये कितीतरी अधिक. या साऱ्या ऊती एकाच प्रकारच्या पूर्वजपेशींतून घडतात, म्हणून संशय तिकडे जाणं साहजिक आहे. पण संशयावरून गुन्हा शाबित होत नाही, आणि त्यासाठी युटा विद्यापीठातल्या मारिओ कापेकी यांच्या प्रयोगशाळेतले दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत.

दोन्ही उंदरांवरचे, दोन्ही स्नायूंच्या पेशींवरचे. गुणसूत्रांचे तुकडे चुकीच्या जागी जोडले जाऊन जी जोडजनुकं तयार होतात, त्यातलं एक रॅब्डोमायोसार्कोमाच्या एका प्रकारात सापडतं, दुसरं सायनोव्हियल सार्कोमात. 2004 च्या प्रयोगात पहिलं जोडजनुक पक्व होत चाललेल्या स्नायूतंतूंत सुरू केलं आणि गाठी तिथे आल्या. त्याही क्वचितच, पेशीला आवर घालणारं पी53 सारखं जनुक निकामी केलं, तेव्हा त्यांचं प्रमाण वाढलं. 2007 मध्ये दुसरं जोडजनुक घेतलं. स्नायू घडवणाऱ्या अपक्व मायोब्लास्ट पेशींत ते सुरू केलं, तर प्रत्येक उंदराला सायनोव्हियल सार्कोमा झाला. अधिक पक्व पेशींत सुरू केलं, तर स्नायू दुबळे झाले, गाठ एकही नाही. गर्भावस्थेत सुरुवातीलाच सगळीकडे सुरू केलं, तर पिल्लं जन्मलीच नाहीत. विरजण तेच असलं तरी दूध कोमट असेल तरच दही लागतं, तसं हे आहे.

म्हणजे स्नायूच्या एकाच वंशावळीत एक कॅन्सर जाणत्या टोकाला रुजतो, दुसरा कोवळ्या टोकाला. ‘सार्कोमा मूलपेशीपासून होतो’ या सरसकट वाक्यात यातलं काय मावतं? पुढे 2018 मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या संशोधकांनी रक्तवाहिन्यांचं अस्तर घडवणाऱ्या पूर्वजपेशींतून उंदरात रॅब्डोमायोसार्कोमा होतो हे दाखवलं. गाठ स्नायूसारखी दिसते म्हणून तिची सुरुवात स्नायूत झाली, हा तर्कही तिथे लंगडा पडला.

मूलपेशीच्या बाजूने सगळ्यात भक्कम साक्ष आहे युइंग सार्कोमाची. जेम्स युइंग यांनी 1921 मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा तो रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा समजला गेला होता. 2005 मध्ये लोझानच्या गटाने त्याचं जोडजनुक उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पूर्वजपेशींत घातलं आणि तशाच गाठी आल्या. 2007 मध्ये पॅरिसमध्ये उलटा प्रयोग झाला: रुग्णांच्या गाठींपासून वाढवलेल्या पेशींतलं ते जनुक दाबलं आणि त्या पेशी हाड-चरबी घडवणाऱ्या मूलपेशींसारख्या दिसू लागल्या. हा पुरावा मला पटतो. तो युइंग सार्कोमापुरता आहे, एवढंच.

आता दुसरी बाजू. गुडघेदुखीपासून मुलांच्या मेंदूविकारांपर्यंत सगळ्यावर मूलपेशी टोचून देणारे दवाखाने ‘धोका शून्य’ असं छापतात. मॉस्कोत गर्भातल्या मेंदूच्या मूलपेशी टोचलेल्या एका इस्रायली मुलाला काही वर्षांनी मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी झाल्या आणि त्या दात्यांच्याच पेशींच्या निघाल्या. हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. तो सार्कोमा नव्हता, पण ‘शून्य’ हा शब्द खोडायला तेवढं पुरेसं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता मूलपेशींचा वापर म्हणजे प्रयोग. तो नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा आणि रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत.

म्हणून वाचकांना विनंती. तो स्पेनचा संदेश पुढे पाठवू नका, आणि कुणी मूलपेशी टोचून घ्या म्हणालं तर आधी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नसेल, किंवा क्रमांकासोबत बिलही हातात ठेवलं, तर तिथून उठा.