धनगरवाड्याकडे 1930 सालचा कागद मागणारांस सवाल

शेतकरी व कारागीर बंधूंनो,

रानांत जन्मलेल्या माणसानें पायाखालची जमीन आपलीच असल्याचें कागदानें सिद्ध करावें, हा कचेऱ्यांतला नित्याचा खेळ होऊन बसला आहे. आणि आमची शाहूपुरीची पेठ उभी राहिली गुळावर, गुळाच्या हिशेबांत गढलेले आम्ही लोक म्हणतों, "तें आदिवासींचें प्रकरण, गडचिरोलीकडचें. आपल्याला काय त्याचें?"

काय त्याचें, तें ऐका. 1878 च्या जंगल कायद्याच्या जोरावर इंग्रज सरकारनें डोंगरच्या डोंगर राखीव केले. जोतीराव फुल्यांनीं 1883 सालीं पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांत जंगलखात्याविरुद्ध तक्रार आहे. म्हणजे हें दुखणें एकट्या भिल्ल-वारल्यांचें कधींच नव्हतें. त्या रानांत कातकरी चोर ठरला, तशी कुणब्याची शेळीही चोर ठरली. 1945 सालीं तलासरी-डहाणूकडे वारल्यांनीं जमीनदारांची वेठ नाकारली, तेव्हां त्यांना गोळ्या खाव्या लागल्या.

स्वराज्य आल्यावर साठएक वर्षांनीं, 2006 सालीं, वनहक्क कायदा झाला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसलेली जमीन, फार तर 4 हेक्टर, नवरा-बायकोच्या जोडनांवानें द्यावी. चराईचा व रानमेव्याचा हक्क मानावा. दाव्याची सुरुवात ग्रामसभेनें करावी, असा तो कायदा. कायदा चांगला आहे. मेख पुढेंच आहे.

शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगडच्या डोंगरांवरचे आमचे धनगर सरकारी यादींत अनुसूचित जमात नाहींत. म्हणून आदिवासीला 2005 पूर्वीचा ताबा दाखवून भागतें, पण यांना तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. हिशेब करा, 1930 साल येतें!

शाहू छत्रपतींनीं 1917 सालीं सक्तीचें मोफत शिक्षण सुरू केलें खरें. पण उंच वाड्यांवर शाळा चढावयास पुढें कित्येक दशकें लागलीं. मी मास्तर आहें. जुन्या नोंदीसाठीं लोक शाळेचें रजिस्टर धुंडाळावयास येतात, हें माझें नेहमींचें काम. जेथें शाळाच नव्हती तेथें रजिस्टर कोठून आणावें? शाळा दिली नाहीं, रस्ता दिला नाहीं, आणि आतां म्हणतात कागद आणा! महाराजांनीं 1918 सालीं कुलकर्णी वतन मोडलें, पण वतनाची खोड खुर्चीला चिकटून राहिली. खुर्चींत कोणत्याही जातीचा बसो, लेखणी तशीच चालते.

आणि नियम तरी असा हट्ट धरावयास सांगतात काय? मुळींच नाहीं. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात. जुनीं घरें, बांध, विहिरी, दफनाची जागा, देवस्थान, हेंही पुराव्यांत धरलें आहे. अमुकच कागद आणा असें म्हणतां येत नाहीं. दावा फेटाळला तर कारण कळवावें लागतें, व 60 दिवसांत वर दाद मागतां येते. ही दाद सोडूं नका. फेब्रुवारी 2019 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें फेटाळलेल्या दावेदारांना हुसकावण्याचा हुकूम दिला होता. पंधरवड्यांत त्याला स्थगिती मिळाली म्हणून निभावलें. त्याच्या आदल्या वर्षीं, मार्च 2018 मध्यें, नाशिकहून मुंबईपर्यंत हजारों माणसें पायांचीं सालें काढीत चाललीं तीं याच हक्कासाठीं.

बुरुडानें गडचिरोलीकडे पाहावें. मेंढा-लेखा गांवाला 2009 सालीं सुमारें 1800 हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 सालीं बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्याच हातीं आला. आमचा बुरूड मात्र अजून बांबूसाठीं दुसऱ्याचें तोंड पाहतो.

एक कडू गोष्टही बोलतों. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राला 1974 सालीं करावा लागला. त्या जमिनी घेणारे सगळेच शेटजी-भटजी नव्हते. आमच्यासारख्या पागोट्यांचेही त्यांत होते. दुसऱ्याच्या नांवानें शिमगा करण्यापूर्वीं हें आठवावें.

तेव्हां येत्या ग्रामसभेंत धनगरवाड्याचा दावा विषयांत घ्यावयास लावा. संस्थानचें दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत आहे, तेथें शोध घ्या. ज्याला अक्षर येतें त्यानें, आणि प्रथम आम्हां मास्तरांनीं, एक रविवार काढून वर जावें व म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यावेत. 1930 सालची वस्ती डोळ्यांनीं पाहिलेला माणूस आतां शंभरीच्या घरांत आहे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबूं नका.

— एक खेड्यांतील मास्तर