मूल हवं का, एवढं विचारा तरी

लग्नाला दोन वर्षं उलटली की शुक्रवार पेठेत जिन्यावर, नळावर, देवळाबाहेर एकच चौकशी: "काय ओ, गोड बातमी कधी?" दोघांपैकी एकाला एचआयव्ही असलेलं जोडपं हसून वेळ मारून नेतं. सासूला आजारच सांगितलेला नसतो, मग मूल का नाही हे तरी कसं सांगणार? अशात कुणीतरी आयव्हीएफचं नाव काढतं आणि दागिने मोडायची भाषा सुरू होते.

त्याआधी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा, रिपोर्ट बघा. एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या सरकारी एआरटी सेंटरमध्ये ही तपासणी आणि गोळ्या, दोन्ही मोफत आहेत. रोज न चुकता गोळ्या घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. या ज्ञानाचा पाया घालणाऱ्या एचपीटीएन ०५२ अभ्यासात पुण्याच्या 'नारी' या एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग होता. त्याचे पहिले निष्कर्ष २०११ मध्ये आले. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्यानं, दिवस धरून, बहुतेकांना मूल नैसर्गिकरीत्याच होऊ शकतं.

नवऱ्याला एचआयव्ही असेल तर वापरायची वीर्य धुण्याची पद्धत या अभ्यासाच्याही आधीची. मिलानच्या डॉ. सेम्प्रिनींनी १९९२ मध्ये तिचे निकाल मांडले. विषाणू मुख्यतः वीर्याच्या द्रवात आणि त्यातल्या पांढऱ्या पेशींत असतो. म्हणून नमुना यंत्रात गरगर फिरवून शुक्राणू वेगळे काढायचे आणि ते गर्भाशयात सोडायचे. शुक्राणू कमी असतील किंवा विषाणू आटोक्यात येतच नसेल, तर ती आजही कामाची. नुसत्या एचआयव्हीपायी कुणी महागडं पॅकेज पुढे केलं, तर ते कशासाठी, हे ठणकावून विचारा. आणि खरी गरज असताना एचआयव्हीचं कारण सांगून दारातून परत पाठवणं हा भेदभाव आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानं तो खासगी दवाखान्यांनाही बंद केला आहे.

माझं मागणं सिव्हिल हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरपासून सगळ्याच सेंटरांकडे आहे. तिथं वजन होतं, डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. त्याच टेबलावर "मूल हवंय का?" हेही दर खेपेला विचारावं. न विचारल्यामुळे बायका दिवस गेल्याचं लपवतात, बाळाला बाधेल म्हणून गोळ्याही बंद करतात. आणि बाळाला खरा धोका गोळ्या सोडण्यातच असतो. उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. वेळेवर उपचार असतील तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येतं.