जादूघराचे ऋण

कोलकात्यातील चौरंगीवरच्या ‘इंडियन म्युझियम’ला बंगाली माणूस ‘जादूघर’ म्हणतो. उत्तरेत अशा वास्तूला ‘अजायबघर’ हे नाव आहे. मद्रासमध्ये एके काळी संग्रहालय हे ‘मेलेले कॉलेज’ आणि प्राणिसंग्रहालय हे ‘जिवंत कॉलेज’ म्हणून लोकांच्या तोंडी रुळले होते. मराठीने मात्र ‘वस्तुसंग्रहालय’ हा शास्त्रशुद्ध शब्द पत्करला. सुशिक्षितांना तो निर्दोष वाटतो आणि जादू, अजब, मेलेले ही सारी विशेषणे त्यांना अडाणीपणाची खूण वाटतात. या समजुतीची एकदा कठोर तपासणी व्हावयास हवी. कारण ‘वस्तुसंग्रहालय’ या शब्दात वस्तू आहे आणि संग्रह आहे. पाहणारा माणूस तेवढा कोठेच नाही.

संग्रहालयांविषयी सुशिक्षितांची एक ठरलेली तक्रार असते. खेड्यापाड्यांतून आलेले लोक शिदोरी घेऊन येतात, इजिप्तच्या ममीपुढे आणि प्रचंड सांगाड्यांपुढे गर्दी करतात, अवाक् होतात, आणि शिल्पांच्या दालनातून मात्र वाऱ्यासारखे निघून जातात. एखादी म्हातारी विष्णुमूर्तीपुढे हात जोडते, तेव्हा शेजारच्या अभ्यासकाच्या ओठांवर स्मित उमटते. या लोकांना कला कळत नाही, इतिहास कळत नाही, हा त्या स्मिताचा अर्थ असतो. मूळ प्रश्न असा की, कळावे म्हणून त्यांच्यासाठी कोणी काय केले?

निरक्षर प्रेक्षकाला काही कळत नाही, हे गृहीतच मुळात तपासलेले नाही. श्रीरामकृष्ण परमहंसांनी कोलकात्यातील संग्रहालय पाहिले होते. विद्यापीठीय अर्थाने त्यांचे शिक्षण झालेले नव्हते. तेथे त्यांना अश्मीभूत झालेला एक प्राणी दाखविण्यात आला. दगडाच्या सहवासात राहून प्राण्याचा दगड झाला, तर साधूच्या सहवासात राहून माणूस साधू का होणार नाही, असा बोध त्यांनी त्यातून काढला आणि पुढे आपल्या श्रोत्यांना सांगितला. भूशास्त्राच्या परीक्षेत हे उत्तर कदाचित उतरणार नाही. परंतु पाहिलेली वस्तू मनात नेणे, तिच्यावर विचार करणे आणि ती दुसऱ्याला सांगणे, हे संग्रहालय पाहण्याचे सारे फळ त्यात आहे. मात्र त्यांना ते दाखविणारे आणि सांगणारे कोणी तरी होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

आता ज्या दालनातून लोक वाऱ्यासारखे निघून जातात, त्या भारहूतच्या दालनाचाच विचार करावा. भारहूत हे आजच्या मध्यप्रदेशातील सतना जिल्ह्यातले गाव. तेथील स्तूपाचा तांबड्या वालुकाश्माचा कठडा आणि पूर्वेचे तोरण यांचा मोठा भाग या संग्रहालयात उभा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील हे काम. त्यात वानरराजा आहे, सुवर्णमृग आहे, झाडावर बसलेला कोंबडा आणि त्याला गोड बोलून खाली उतरवू पाहणारे मांजर आहे, हत्तीने पिले चिरडल्यावर कावळा, माशी आणि बेडूक यांच्या साहाय्याने सूड घेणारी चिमुकली लावी आहे. या गोष्टी पंचतंत्राच्या वाटेने आणि आजीच्या तोंडून भारतातल्या कोणत्याही मुलाच्या कानावर पडलेल्या असतात. म्हणजे शिदोरी घेऊन आलेल्या त्या कुटुंबाला परके वाटावे असे येथे काहीच नाही.

याहून मोठी गोष्ट अशी की, भारहूतच्या कारागिरांनी आपल्या शिल्पांना स्वतःच पाट्या लावल्या होत्या. ब्राह्मी लिपीत, बोलीला जवळ असलेल्या प्राकृतात, दृश्याजवळच जातकाचे नाव कोरलेले आहे. यक्षाच्या जवळ त्या यक्षाचे नाव, श्रीमा देवतेजवळ तिचे, चुलकोकेजवळ तिचे. अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेतल्याच्या दृश्यात बैलगाडीतून आणलेली नाणी जमिनीवर पसरलेली दिसतात आणि ती कशासाठी, हेही तेथेच लिहिलेले आहे. प्रेक्षकाला समजले पाहिजे, ही काळजी आधुनिक संग्रहालयशास्त्राने शोधून काढलेली नाही. ती बावीस शतकांपूर्वीच्या पाथरवटाला होती.

त्या दगडांवर देणाऱ्यांचीही नावे आहेत. विदिशेच्या रेवतीमित्राची पत्नी चापदेवा हिने पहिला स्तंभ दिला. एका घोडेस्वाराने दान दिले. बुद्धरक्षित नावाच्या मूर्तिकारानेही दिले. दुसऱ्याच्या पैशाने घडविणाराच तेथे दाता होऊन उभा आहे. नासिकच्या गोरक्षितेचा एक स्तंभ आहे. करहकट नगराच्या निगमाचे दान नोंदलेले आहे, आणि करहकट म्हणजे कऱ्हाड, अशी ओळख अभ्यासकांनी पटविली आहे. कृष्णाकाठच्या आणि गोदाकाठच्या माणसांनी एवढ्या दूरच्या स्तूपासाठी पदरचे द्रव्य वेचले. महाराष्ट्रातून कोलकात्यास गेलेला मराठी प्रवासी त्या स्तंभांवरून नजर फिरवितो आणि आपल्याच मुलखातल्या कोणाचे नाव तेथे आहे, हे न कळता पुढे जातो. हे अज्ञान त्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

कारण संग्रहालयाच्या पाट्यांची आपल्याकडची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. स्थळ, काळ, दगडाचा प्रकार, क्रमांक. फार तर एक पारिभाषिक नाव. ही पाटी एका भाषेऐवजी तीन भाषांत लिहिली म्हणून ती बोलकी होत नाही, तिचे मौन तिप्पट होते. भारहूतला बुद्धाची मानवी आकृती कोठेही नाही. रिकामे आसन, पदचिन्हे, चक्र, बोधिवृक्ष यांतून त्याचे अस्तित्व सुचविलेले आहे. हे एक वाक्य जवळ लिहिलेले नसेल, तर बुद्धाला शोधणारा मनुष्य रिकाम्या आसनाला रिकामेच समजून निघून जाणार. शिल्पकाराने जे मौन अर्थाने भरले होते, ते पाटीच्या मौनाने पुन्हा निरर्थक होते.

येथे ज्ञानाची उणीव होती, असेही म्हणता येत नाही. विसरलेली ब्राह्मी जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास उलगडली ती याच शहरात. भारहूतच्या लेखांवरील बेणीमाधव बरुआ आणि गंगानंद सिंह यांचा ग्रंथ कलकत्ता विद्यापीठाने १९२६ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे दगडाचा अर्थ दगडापासून हाकेच्या अंतरावर, ग्रंथालयाच्या कपाटात, जवळजवळ शंभर वर्षे उपलब्ध आहे. तो कपाटातून भिंतीवर आणण्याचे काम मात्र कोणालाच आपले वाटलेले नाही.

हे काम करणे म्हणजे उपकार करणे नव्हे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ मध्ये भारहूतला पोहोचला, तेव्हा परिसरातील लोकांनी स्तूपाच्या विटा आणि दगड घरे बांधण्यासाठी नेले होते. उरलेले अवशेष वाचविण्यासाठी ते कलकत्त्यास हलविण्यात आले. त्या हलविण्यावर त्याच काळी टीका झाली होती आणि कनिंगहॅमला १८७९ च्या आपल्या ग्रंथात तिला उत्तर द्यावे लागले. दगड वाचले, हे खरे. पण ते ज्या युक्तिवादाने नेले, त्यात एक करार गर्भित होता. गावकऱ्यांना यांचे मोल कळत नाही, म्हणून ज्यांना कळते त्यांनी ते न्यावेत. ज्याने या अटीवर ठेवा नेला, त्याच्यावर ते मोल समजावून देण्याचे ऋण राहते. दीडशे वर्षांनंतरही त्याच गावकऱ्यांच्या वंशजांना ‘यांना कळत नाही’ असेच म्हणावयाचे असेल, तर करार मोडणारा पक्ष कोणता, हे सांगावयास पंच नकोत.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. सोपे करून सांगितल्याने विद्वत्तेची हानी होते, हा पहिला. भारहूतच्या पाथरवटांनी नावे कोरली म्हणून त्यांच्या कलेची हानी झाल्याचे आजवर कोणी म्हटलेले नाही. गर्दीने वस्तूंची नासधूस होते, हा दुसरा. स्पर्शाने शिल्पे झिजतात, हे मान्य केलेच पाहिजे आणि त्यासाठी कठडे हवेत. परंतु याच संग्रहालयातील रामपुरवा येथील अशोककालीन सिंहशीर्ष २०१३ च्या डिसेंबरात भंगले ते कोणा खेडुताच्या हाताने नव्हे, अंतर्गत हलवाहलवीत. द्विशताब्दीच्या उंबरठ्यावर, १८१४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत हे घडले. तेव्हा रक्षणाचा धाक एकट्या प्रेक्षकाला घालणे शोभत नाही. संग्रहालय म्हणजे देवालय नव्हे, हा तिसरा आक्षेप. तो खराच आहे. पण हात जोडणाऱ्या म्हातारीला मूर्तीविषयी एक गोष्ट निश्चित ठाऊक असते: ही मूर्ती कोणी तरी कोणाच्या तरी दर्शनासाठी घडविली. ‘कृष्णपाषाण, पालकाळ’ एवढेच सांगणाऱ्या पाटीला तेवढेही ठाऊक नसते. इतिहास शिकवावयाचा तर त्या जोडलेल्या हातांपासून आरंभ करता येतो, त्यांना हसून करता येत नाही.

मागणी मोठी नाही. प्रत्येक कोरीव लेखाशेजारी तो काय म्हणतो, हे आजच्या भाषेत, साध्या वाक्यात आणि मुलाच्याही डोळ्यांच्या उंचीवर लिहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दालनात गोष्ट सांगणारा माणूस असावा. पहाऱ्यावर बसलेल्या सेवकाला दोन महिने शिकविले तर तोही ते करील. दात्यांची नावे आणि त्यांची गावे एका नकाशावर मांडावीत, म्हणजे कऱ्हाडच्या, नासिकच्या, विदिशेच्या माणसाला आपले नाते बोटाने दाखविता येईल. यासाठी नव्या वास्तूची गरज नाही, कोट्यवधींच्या अनुदानाचीही नाही.

‘जादूघर’ या नावाचा उपहास करणाऱ्यांनी त्यातला विश्वास ओळखावा. या घरात शिरल्यावर आपल्याला काही विलक्षण दिसेल, अशी लोकांची अपेक्षा त्या शब्दात साठलेली आहे. ती घेऊन ते पिढ्यान्‌पिढ्या दारात उभे राहिले आहेत. चापदेवेने आणि गोरक्षितेने दिलेले दान त्यांच्यापर्यंत पोहोचविणे, एवढेच आत बसलेल्यांच्या हाती उरले आहे.