चीनमधली लूट बाहेर काढा : जाहीर इशारा

ज्यांच्या कपाटात, पलटणीच्या मेसमध्ये, वाड्याच्या दिवाणखान्यात किंवा संग्रहालयाच्या कोठारात १९००-०१ साली चीनमधून लुटून आणलेली वस्तू आहे, त्या सर्वांना हा इशारा. येत्या १४ ऑगस्टपर्यंत ती बाहेर काढा. ती तुमच्याकडे कशी आली याची खरी हकीकत फोटोसकट प्रसिद्ध करा आणि परत करण्याची तयारी लेखी कळवा. तोवर विक्री बंद. ‘पणजोबांची आठवण’ ही सबब चालणार नाही.

तारीख उगीच निवडलेली नाही. १४ ऑगस्ट १९०० रोजी जपान, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, जर्मनी, इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी या आठ सत्तांच्या नावाने चाल करून आलेली फौज पेकिंगमध्ये, आजच्या बीजिंगमध्ये घुसली. निमित्त होतं यिहेतुआनच्या उठावाचं, इंग्रजांनी ज्याला ‘बॉक्सर’ म्हटलं त्याचं. शांतुंग प्रांतात १८९७ साली जर्मनीने बंदर बळकावलं, १८९८ मध्ये पिवळ्या नदीच्या पुराने शेतं बुडाली, पाठोपाठ पाऊस गेला. त्यात मिशनऱ्यांच्या आश्रयाला गेलेल्याला कज्ज्यात झुकतं माप मिळतं, हा गावागावांतला राग. त्यातून शेतकरी आणि बेकार तरुण उठले. त्यांनी मिशनरी मारले, आणि त्याहून कितीतरी अधिक चिनी ख्रिस्ती मारले, बायकामुलांसकट. तो गुन्हाच होता, मी तो झाकणार नाही. परकीय वकिलातींना ५५ दिवस वेढा पडला, तो उठवायला फौज आली, इथवरही समजू शकतो. पण वेढा उठल्यावर त्या शहराचं जे केलं, त्याला सुटका म्हणणाऱ्याने आधी स्वतःचं घर लुटलं गेल्याची कल्पना करून पाहावी.

शहराचे वाटे पाडले. राजवाडे, देवळं, सावकारांच्या पेढ्या, साध्या माणसांची घरं, काही सुटलं नाही. ब्रिटिश वकिलातीत लुटीचा रीतसर लिलाव भरू लागला. रेशीम, फरचे झगे, पोर्सलिन बोलीवर चढायचं आणि जमा झालेली रक्कम सैन्यात वाटली जायची. म्हणूनच ‘आमच्याकडे पावती आहे’ असं सांगत येणाऱ्यांना बजावून ठेवतो : लुटारूने दिलेली पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, लुटीचा पुरावा आहे. जर्मनांनी बीजिंगच्या जुन्या वेधशाळेतली ब्राँझची यंत्रं उचलून पॉट्सडॅमला नेऊन मांडली. ती परत गेली १९२१ मध्ये, तीही जर्मनी महायुद्ध हरला आणि व्हर्सायच्या तहात तसं कलम घातलं गेलं म्हणून. हानलिन विद्यालयाचं ग्रंथालय वेढ्यातच जळालं. तिथल्या योंगलं विश्वकोशाचे पिवळ्या रेशमी पुठ्ठ्याचे, हाताने लिहिलेले काही खंड वकिलातीत अडकलेल्या परकीयांनी आठवण म्हणून उचलले. अकरा हजारांवर खंडांपैकी आज जगात मिळून चारेकशे उरले आहेत. वर १९०१ च्या तहात चीनवर ४५ कोटी तैल (चिनी वजनाचं माप) चांदीचा दंड, ३९ वर्षांच्या हप्त्यांनी, व्याजासकट.

हे सगळं परक्यांचं पाप आहे असं समजून कुणी हात झटकू नयेत. १४ ऑगस्टला वेढलेल्या वकिलातीत सर्वांत आधी पोचले ते आपलेच शिपाई, ब्रिटिश तुकडीतले राजपूत आणि शीख. तटाखालून सांडपाण्याचा नाला जातो, त्याच्या दारातून चिखल तुडवत ते आत शिरले. इकडे त्याच साली देश दुष्काळाने होरपळत होता, मुंबई-पुण्यात प्लेगचा धाक होता, आणि इथली माणसं तिकडे लढायला धाडली जात होती. सातव्या राजपूत पलटणीतले ठाकूर गदाधर सिंह यांनी परतल्यावर ‘चीन में तेरह मास’ हे हिंदी पुस्तक लिहिलं. उजाड झालेली गावं पाहून त्यांचं मन चिन्यांसाठी कळवळलं, आपण शेजाऱ्याच्या घरात शिरलो आहोत याची जाणीव त्यांना झाली. हुकमाचा ताबेदार असलेल्या एका शिपायाला जे कळलं, ते आज स्वतंत्र देशात राहून तुम्हाला कळत नसेल, तर दोष अडाणीपणाचा नाही, लोभाचा आहे.

परत करणं अशक्य आहे, असंही सांगू नका. बीजिंगच्या स्वर्गमंदिरातली एक घंटा इंग्रज अधिकाऱ्याने उचलून हिंदुस्थानात आणली होती. पुढे ती आपल्या लष्कराच्या मेसमध्ये होती. जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या पुढाकाराने ती १९९० च्या दशकात चीनला परत गेली आणि आज त्याच मंदिरात आहे. १९६२ चं युद्ध होऊन गेलं होतं, सीमेचा वाद होता, तरी गेली. ‘चीन आपला शत्रू’ म्हणून लूट दाबून ठेवू पाहणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही.

२०२४ मध्ये शिवरायांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं लंडनहून साताऱ्यात आली. आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. ती पाहायला रांगेत उभं राहताना ज्याला त्या ‘उसनी’ शब्दाने चीड आली, त्याला दुसऱ्याची ठेव स्वतःच्या कपाटात दडवण्याचा अधिकार नाही.

मुदत उलटली की मी थांबणार नाही. पलटणींचे छापील इतिहास, लिलावांचे जुने कॅटलॉग, शिपायांच्या आठवणी यांतून माग काढता येतो, आणि तो मी काढीन. ज्या वस्तूच्या नोंदीत ‘पेकिंग, १९००’ आहे ती कुठे आहे, कुणी विकायला काढली, कोणत्या दालनात लुटीचा उल्लेख न करता मांडली आहे, हे सगळं छापून आणीन. वाचकांना माझी विनंती आहे : अशी वस्तू विकत घेऊ नका, भेट म्हणून स्वीकारू नका, कुठे दिसली तर ‘ही कुठून आली?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१६ जून १९०० च्या रात्री परकीय आरमारांनी चीनच्या किनाऱ्यावरल्या दागूच्या किल्ल्यांना शरण येण्यासाठी पहाटे दोनपर्यंतची मुदत दिली होती, आणि ती संपण्याआधीच तोफा सुरू झाल्या होत्या. तुम्हाला १४ ऑगस्टपर्यंतची मुदत आहे. कपाट उघडा.