आधी घरचा घट, मग पहाडातला दसरा

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घटस्थापना होते, आणि आमच्या बारामती-इंदापूर भागात त्याच सुमारास दुसरीही एक बैठक भरते. गळीत हंगामाला अजून अवकाश असतो, पाऊस ओसरलेला असतो, मुलांच्या सुट्टीचे वेध लागलेले असतात. मग घरातील तरुण मंडळी हिमालयाच्या यात्रेचा बेत मांडतात. कीर्तन आटोपून मी वीणा खाली ठेवतो न ठेवतो तोच कोणीतरी विचारते, “बुवा, नवरात्रात निघालो तर कुल्लूचा दसरा साधेल ना?” या प्रश्नाचे उत्तर मी हल्ली नि:शंकपणे देतो : नवरात्रात निघू नका. दसरा घरी करा, आणि मग निघा.

हे उत्तर मला ग्रंथांतून मिळाले नाही. ते चुकीतून मिळाले. अनेक वर्षांपूर्वी काही स्नेह्यांच्या आग्रहावरून मी सहाव्या माळेला घर सोडले. घट, अखंड दीप आणि रोजची माळ वृद्ध मातोश्रींवर टाकली. दशमीच्या दिवशी कुल्लूला पोहोचलो तो मनात एकच चित्र घेऊन, की सायंकाळी रावणदहन होईल आणि उत्सवाची सांगता होईल. प्रत्यक्षात तेथे रावणाचा पुतळाच नव्हता. ज्या दिवशी देशभर उत्सव संपतो, त्या दिवशी तेथे तो आरंभ पावतो, हे मला मैदानावर उभे राहिल्यावर कळले. परतीचे आरक्षण दुसऱ्या दिवसाचे होते. सात दिवसांच्या उत्सवातील एक संध्याकाळ पाहून मी परतलो. घरी आईने तक्रार केली नाही. रात्री दोनदा उठून दिव्यात तेल घालावे लागे, आणि अंधारात पाय चाचपडत असे, एवढेच तिने सांगितले. ते वाक्य मी विसरलो नाही.

आता त्या उत्सवाची रीत पाहा. सतराव्या शतकात कुल्लूचा राजा जगतसिंह याच्या हातून एका ब्राह्मणकुटुंबाचा नाश घडला आणि त्या पापाच्या परिमार्जनासाठी त्याने अयोध्येहून रघुनाथाची मूर्ती आणविली, अशी तेथील परंपरेची कथा आहे. राज्य देवाला अर्पून राजा त्याचा प्रथम सेवक झाला, आणि त्याच्या वंशजांकडे आजही छडीबरदाराचा मान आहे. विजयादशमीला रघुनाथाचा रथ दोरांनी ओढून ढालपूरच्या मैदानावरील तळावर नेतात. मनालीची हिडिंबा आल्याखेरीज उत्सवाचा आरंभ होत नाही. खोऱ्यातील गावोगावच्या शेकडो देवता आपापल्या पालख्यांतून, ढोल-नगाऱ्यांच्या गजरात उतरतात आणि सात दिवस तेथेच मुक्काम करतात. अखेरच्या दिवशी रथ पुन्हा निघतो आणि व्यासनदीच्या काठी झाडझुडूप पेटवून लंकादहन होते. हा दिवस कोजागरीच्या आसपास येतो.

म्हणजे हिशेब सरळ आहे. दशमीला घट हलवावा, शमीपूजन करावे, वडीलधाऱ्यांना सोने द्यावे आणि एकादशीला प्रस्थान ठेवावे. पुण्याहून रेल्वेने दिल्ली वा चंदीगड आणि पुढे घाटरस्ता धरला, तरी उत्सवाचे अखेरचे दोन-तीन दिवस हाती लागतात. पालख्यांचा तळही दिसतो, रथही दिसतो. कुल्लूची उंची सुमारे १,२०० मीटर. आश्विनात रात्री गारठा असतो, तेव्हा वृद्धांना लोकरीचे कपडे हवेतच. ढालपूरच्या गर्दीत निवासाची सोय आधी पत्राने वा दूरध्वनीने निश्चित केलेली बरी.

कोणी म्हणेल, घरी कोणीतरी थांबेलच की! मी विचारतो, ते ‘कोणीतरी’ कोण? बहुतेक घरांत ती सासू असते, नाहीतर धाकटी सून. ज्या देवीची आपण नऊ दिवस पूजा बांधतो, तिच्याच सेवेचा भार एका बाईवर टाकून इतरांनी पुण्य जोडावे, हा व्यवहार मला पटत नाही. कुलाचार घरच्या सर्वांचा, तर यात्राही सर्वांची असावी.

पंचांगाचीही एक गोम सांगतो. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोन्हीकडचे महिने जुळतात, म्हणून दसऱ्याला घोटाळा होत नाही. वद्य पक्षात मात्र महिन्याचे नाव बदलते. आपला आषाढ वद्य तो त्यांचा श्रावण. आषाढी वारी करून थेट हरिद्वारला जाणारी मंडळी म्हणूनच कावडियांच्या महागर्दीत सापडतात. इथे अजून आषाढच चालू असतो, आणि तिथे श्रावणाची कावडयात्रा ऐन भरात असते. पहाडात जायचे तर यजमानांचे पंचांग पाहावे, हे उत्तम.

शेवटची गोष्ट वागणुकीची. ती आम्हाला कोणी बाहेरच्याने शिकविण्याची गरज नाही. तुकोबारायांची पालखी दरवर्षी आपल्या दारावरून जाते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला आणि इंदापुरात गोल रिंगण होते. त्या वेळी दूरदेशीचा पाहुणा रिंगणाच्या कडेला हात जोडून उभा राहतो, तो आपल्याला प्रिय वाटतो. छायाचित्रासाठी अश्वाच्या वाटेत घुसणारा नकोसा होतो. ढालपूरच्या मैदानावर आपण यांपैकी कोण होणार, हे निघण्यापूर्वी ठरवावे. तेथील देवता त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांची कुलदैवते आहेत. त्यांच्या पालखीला वाट द्यावी, विचारल्याशिवाय स्पर्श करू नये.

यंदाचा बेत आखणाऱ्या प्रत्येक घराला माझे एवढेच सांगणे आहे : तिकिटे काढण्यापूर्वी घरातील वृद्ध मातेजवळ बसा आणि घट कधी हलवायचा ते तिला विचारा. प्रवासाची तारीख त्यानंतर ठरू द्या. आणि तिचे पाय चालत असतील, तर एक तिकीट तिचेही काढा. माझ्याकडून ते राहून गेले.