रिकाम्या बराकींवर पहिला हक्क कोणाचा?

लष्करी छावणी उठली की मागे काय उरते? बराकींच्या रांगा, कवायतीचे विस्तीर्ण मैदान, दारूगोळ्याची कोठारे आणि भोवती काटेरी तारांचे कुंपण. ही मालमत्ता श्रमणाऱ्या जनतेच्या करातून उभी राहिलेली असते. मग सैन्य निघून गेल्यावर ती कोणाच्या हाती जावी? बिल्डर म्हणतो, माझ्या. शिक्षणसम्राट म्हणतो, नाममात्र भाड्याने माझ्या. नोकरशहा म्हणतो, लिलाव करा आणि तिजोरी भरा. समाजवाद्यांचे उत्तर निःसंदिग्ध असले पाहिजे : अशा वास्तूवर पहिला हक्क सार्वजनिक शाळेचा आहे.

हे उत्तर भाबडे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी क्यूबाचा इतिहास पाहावा. सांतियागो शहरातील मोंकादा बराक ही बातिस्ताच्या सैन्याची देशातील दुसऱ्या क्रमांकाची छावणी. २६ जुलै १९५३ रोजी फिडेल कॅस्ट्रो आणि त्यांच्या साथींनी तिच्यावर हल्ला केला. तो फसला, आणि हाती लागलेल्या अनेक तरुणांचा छळ करून त्यांना ठार मारण्यात आले. जुलमाच्या त्याच वास्तूत २८ जानेवारी १९६० रोजी, होसे मार्तींच्या जयंतीदिनी, शाळा सुरू झाली. हवानाच्या कोलंबिया छावणीची कथाही तीच. १९५२ च्या मार्चमध्ये बातिस्ताने याच छावणीच्या बळावर सत्ता बळकावली आणि १ जानेवारी १९५९ च्या पहाटे याच छावणीच्या धावपट्टीवरून तो पळाला. त्याच वर्षी सप्टेंबरात ती शिक्षण मंत्रालयाच्या स्वाधीन झाली, तटभिंती पाडल्या गेल्या आणि तिला 'स्वातंत्र्यनगर' असे नाव मिळाले. १९६१ च्या साक्षरता मोहिमेत सुमारे एक लाख विद्यार्थी कंदील आणि पुस्तके घेऊन खेड्यापाड्यांत गेले. वर्षअखेरीस ७ लाखांहून अधिक प्रौढ लिहू-वाचू लागले होते. पुढे १९९९ मध्ये हवानाजवळच्या एका नौदल अकादमीच्या इमारतींत लॅटिन अमेरिकन वैद्यकीय विद्यालय उघडले आणि शंभराहून अधिक देशांतील गरीब घरांची मुले तेथे विनाशुल्क डॉक्टर होऊ लागली.

येथे आमचे टीकाकार हटकतील : त्याच क्यूबाने पुढे मोठे सैन्य उभारले, १९६३ मध्ये सक्तीची लष्करी सेवा आणली, विरोधी वृत्तपत्रे बंद पाडली, त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे, आणि लोकशाही समाजवाद्याने तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. बंदूक एका छावणीतून उठून दुसऱ्या छावणीत गेली, तर शाळेचा विजय अपुराच राहतो. परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष 'शाळा नको' असा नव्हे. 'शाळेबरोबर स्वातंत्र्यही हवे' असा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारवाद्यांचा. बराकी म्हणजे शाळा नव्हेत, डागडुजीला पैसा लागतो, जमीन दूषित असते. तेही खरे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फोर्ट ऑर्ड हा विशाल तळ शीतयुद्ध संपल्यावर १९९४ मध्ये बंद झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या एका भागात राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ सुरू झाले. आरंभी विद्यार्थी होते साडेसहाशेच्या आसपास; पंचवीस वर्षांच्या आत ते ७ हजारांच्या घरात गेले. पण त्या तळाच्या भूमीत न फुटलेला दारूगोळा होता, भूजलात रसायने उतरली होती, जुन्या इमारतींत शिशाचा रंग आणि ॲस्बेस्टॉस होते. १९९० मध्येच तो अतिदूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेला होता, आणि सफाई दशकानुदशके चालली. यातून घ्यायचा धडा सरळ आहे : ज्याने जमीन नासवली त्याने ती साफ करून द्यावी. अमेरिकेच्या कायद्याने ती जबाबदारी संरक्षण खात्यावर टाकली. भांडवलशाहीच्या माहेरघरात जे शक्य झाले, ते आपल्या 'कल्याणकारी' राज्यात अशक्य कसे?

हे सारे परदेशातले, असे म्हणण्याचीही सोय नाही. बंगालमधील हिजलीच्या बंदिछावणीत १६ सप्टेंबर १९३१ रोजी पोलिसांनी नि:शस्त्र राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे हुतात्मा झाले. दुसऱ्या महायुद्धात तीच वास्तू लष्करी कामासाठी वापरात आली. आणि १९५१ मध्ये तिच्यातच स्वतंत्र भारताची पहिली आय.आय.टी. उभी राहिली. तेव्हा देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. पैसा नव्हता, इच्छाशक्ती होती.

आज काय चालले आहे? २०२२ च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी संस्थांच्या अतिरिक्त जमिनी आणि इमारती 'रोखीत आणण्यासाठी' स्वतंत्र महामंडळ मंजूर केले. २०२३ मध्ये हिमाचलातील खास योलचा छावणीचा दर्जा काढून घेण्यात आला आणि छावण्यांतील नागरी वस्त्या पालिकांत विलीन करण्याचे धोरण पुढे सरकले. त्या वेळी महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर अशी सात छावणी मंडळे होती. त्याच वर्षी राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा १४ हजारांहून अधिक भरल्या. म्हणजे एका हाताने जमीन बाजारात न्यायची आणि दुसऱ्या हाताने वाडीवस्तीवरची शाळा गुंडाळायची! आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली शंभर नव्या सैनिकी शाळांची योजना? तीत खाजगी संस्थांनाही भागीदार करून घेतले आहे. बराकीची शाळा करण्याऐवजी शाळेचीच बराक करण्याचा हा उद्योग आहे.

साथींनो, नुसती 'शाळा' या शब्दावर भुलू नका. १९८३ पासून महाराष्ट्राने विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक पाहिले आहे. शिक्षणाच्या नावाने मिळालेल्या जमिनींवर देणग्यांचे मनोरे कसे चढतात, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. बराक बदलते ती पाटी बदलल्याने नव्हे. किल्ली कोणाच्या हाती, फी कोणी ठरवायची, दारावरून कोणाचे पोर परत पाठवले जाते, यावरून ते ठरते. सैनिक गेला आणि सावकार आला, तर कुंपण तेच राहते.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. लष्करी वापरातून मोकळी होणारी प्रत्येक जागा लिलावाआधी सार्वजनिक शिक्षणासाठी देऊ करणे कायद्याने बंधनकारक करा. मालकी पालिकेची वा जिल्हा परिषदेची राहील. ती कोणत्याही न्यासाला भाडेपट्ट्याने देता येणार नाही. जमिनीच्या सफाईचा खर्च संरक्षण खात्याने सोसावा. आणि इमारतीबरोबर पूर्ण पगाराचे शिक्षकही द्यावेत, कारण शिक्षकाविना इमारत ही पुन्हा नुसती बराकच.

आपल्या गावाजवळ छावणी असेल तर तिच्या जमिनीचे कागद आजच मिळवा. कुंपण हलू लागेल त्या दिवशी बिल्डरचा मोजणीदार तेथे उभा असेलच. त्याच्या आधी आपण पोहोचले पाहिजे, आणि आपल्यासोबत त्या वस्तीतील आईबाप असले पाहिजेत.